परदेशी शिकाऊ घरी राहायला येणार आहे? यजमान घरांकडून नेहमी येणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या काही गावांत परदेशातून आलेले शिकाऊ स्वयंसेवक प्रशिक्षणाच्या काळात गावकऱ्यांच्या घरी राहतात. साधारण तीन महिने. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी शाळा, अंगणवाडी नाहीतर वावर, आणि संध्याकाळी तुमचं घर. खालचे प्रश्न यजमानांनी बैठकीत आणि फोनवर विचारलेले आहेत. काही तर आम्ही, म्हणजे हे प्रशिक्षण चालवणारे, गाडीत बसल्यावर, फाटकाशी येऊन. लिहिताना मी "ती" म्हटलं आहे. मुलगा असेल तर "तो" वाचा.

तिला पाहुणी म्हणून ठेवायचं की घरच्यासारखं?

पहिले दोन दिवस पाहुणी. औक्षण करा, पाटवड्यांचा रस्सा करा, शेजारपाजाऱ्यांना बोलवा, सगळी हौस फेडून घ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात झाडू द्या.

हे ऐकून काकू हमखास दचकतात. एवढ्या लांबून आलेल्या पोरीला काम सांगितलं तर लोक काय म्हणतील! पण प्रशिक्षण संपलं की तिला दुसऱ्या गावात दोन वर्षं काढायची आहेत, आणि तिथे तिला कोणी आयता चहा आणून देणार नाही. नळ कधी येतो, पाण्याचा गुंड कसा घासायचा, दारात आलेल्या माणसाला कसं बसवायचं, मयतीच्या घरी काय बोलायचं नाही, हे तिला तुमच्याकडेच शिकायचं आहे. खुर्चीवर बसवून ठेवलेली पोरगी तीन महिन्यांनी आली तशीच बाहेर पडते.

आपल्या भागाला हे नवं नाही. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी मॅडेलिन स्लेड, म्हणजेच मीराबेन, १९२५ मध्ये गांधीजींकडे साबरमतीला आल्या. आधी घाईघाईत बोटीचं तिकीट काढलं होतं, पण मग स्वतःच वर्षभर थांबायचं ठरवलं. त्या वर्षात मांसाहार आणि दारू सोडली, सूत कातायला शिकल्या, जमिनीवर मांडी घालून बसायची आणि झोपायची सवय केली, उर्दूचे धडे घेतले. पुढे वर्ध्याजवळच्या खेड्यात राहिल्या. एवढी तयारी करून येणारं माणूस विरळाच. आजच्या पोरीची उरलेली तयारी तुमच्या अंगणात होते.

आमच्या घरी इंग्रजी कोणालाच येत नाही. कसं जमेल?

म्हणून तर तुमचं घर निवडलं. ज्या घरात इंग्रजी बोलणारा कॉलेजचा मुलगा असतो, तिथे तो दुभाषी होऊन बसतो आणि पोरीचं मराठी जागचं हलत नाही.

इंग्रजीपेक्षा खरी अडचण हिंदीची आहे. आपल्याकडे बाहेरचं माणूस दिसलं की जीभ आपोआप हिंदीवर घसरते. ती वर्गात मराठी घोकते आणि चौकात तिला सगळे "आप कहाँ से आये" म्हणून गाठतात. गावाला आवरणं आपल्या हातात नाही, घरात तेवढं कटाक्षानं पाळा. आणि आपलीच बोली बोला. "काय करून रायली वं?" असंच विचारा. तिला वर्गात "काय करते आहेस?" शिकवलेलं असतं, म्हणून पहिला आठवडा ती नुसती तोंडाकडे बघत राहील. मग कान बसतो. सांभार म्हणजे कोथिंबीर हे बाजारात पाठवल्यावरच कळतं.

हळू बोला, पण ओरडून बोलू नका. तिला ऐकू येतं, समजत नाही एवढंच. चुकली तर हसायला हरकत नाही. हसून झाल्यावर बरोबर काय ते सांगा.

तिखट झेपत नाही. वेगळा स्वयंपाक करायचा का?

नको. वेगळा स्वयंपाक सुरू झाला की ती कायमची पाहुणी होते, आणि तुमच्या जिवाला काम वाढतं ते वेगळंच. भाजीत तिखट टाकायच्या आधी एक वाटी बाजूला काढा. वरण, भात, पोळी, दही, केळी, उकडलेलं अंडं यांवर माणूस चांगलं जगतं. तर्री, ठेचा आणि सावजी पहिल्या पंधरवड्यात दाखवूसुद्धा नका. पोरं हौसेनं खातात आणि दोन दिवस झोपून राहतात.

आग्रहाचं थोडं समजून घ्या. आपल्याकडे पहिलं "नको" कोणी मोजत नाही. तिच्याकडे "नको" म्हणजे नको. तुम्ही वाढत राहता, ती संकोचानं गिळत राहते, आणि रात्री तिचं पोट दुखतं. ताटावर हात आडवा धरायचा ही खूण पहिल्याच दिवशी शिकवा, आणि तो हात दिसला की थांबा. ताटात उरलेलं आपल्याला खटकतं, म्हणून आधीच कमी वाढा.

स्वयंपाकघरात मात्र तिला घ्याच. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात भिजवून तळहाताच्या टाचेनं रगडायला लावा. नवीन माणूस हमखास कमी रगडतं, मग परातीत थापताना कड चिरते आणि उचलताना भाकरीचे दोन तुकडे होतात. चिरलेली कड ओल्या बोटानं दाबून कशी सांधायची, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात कसा फिरवायचा, पाणी सुकायच्या आत ती कशी उलटायची, हे बघता बघता तिला तीस-चाळीस शब्द येऊन जातात. तिनं केलेली वाकडी भाकरी घरातल्या बाप्या माणसानं काही न बोलता खाल्ली तर तिला जो आनंद होतो, तो कुठल्याही प्रमाणपत्रानं होत नाही. (बाप्या माणसांना हे आधी सांगून ठेवावं लागतं.)

पाण्याचं काय? आम्ही तर बोअरचंच पितो.

तुमच्या पोटाला त्याची सवय आहे, तिच्या नाही. प्यायचं पाणी खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या आणि झाकून ठेवा. पण उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारट. अशा ठिकाणी कॅन लावावा लागतो, त्याचे पैसे आम्ही देतो. जुलाब लागले तर ओआरएस पाजा. ताप आला किंवा शौचातून रक्त गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच फोन करा.

न्हाणीला दार नाही, नुसता पडदा आहे. चालेल का?

नाही चालणार. न्हाणीला आणि संडासाला आतून कडी हवी, ही आमची एकच न बदलणारी अट आहे. टिनाचं दार चालतं. पाणी बादलीनंच द्या. बादली-मगानं आंघोळ कशी करायची हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. साबण लावायच्या आधीच अर्धी बादली संपते आणि मग हाका सुरू होतात. बाईमाणसानं पहिल्या दिवशी हातवारे करून दाखवलं की झालं.

खोलीत जाऊन दार लावून बसते. आमचं काही चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे दार लावून बसलेलं माणूस म्हणजे रुसलेलं किंवा आजारी. तिच्या घरी लहान मुलालाही स्वतःची खोली असते, आणि दिवसातून तासभर एकटं बसणं हा तिचा आराम आहे. विचार करा, सकाळपासून ती परक्या भाषेत बोलते आहे, रस्त्यानं जाताना लेकरं मागे आहेत, दुकानात तिनं किती रुपयांचा साबण घेतला हे संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं आहे. त्या खोलीशिवाय तिला कोणी न बघणारी जागाच नाही.

म्हणून दार वाजवा आणि थांबा. लेकरांना तिच्या बॅगेत हात घालू देऊ नका. रात्री अकराला ती फोनवर बोलताना ऐकू आली तर त्यात काही वेगळं शोधू नका; अमेरिकेत पूर्वेकडे तेव्हा दुपार असते आणि आईशी बोलायला तीच वेळ मिळते. मात्र जेवायला ओट्यावर सगळ्यांबरोबर बसायचं, हे तुम्ही ठामपणे सांगू शकता. तेवढा नियम घराचा.

पहिले पंधरा दिवस खूश होती. आता रडते, चिडते, आपल्या गावाला नावं ठेवते. परत जाईल का?

बहुधा जाणार नाही. परक्या मुलखात गेलेल्या माणसाचं असं होतं. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं १९६० मध्ये त्याचे टप्पे मांडले: आधी सगळं गोड वाटतं, मग सगळं खुपायला लागतं, मग हळूहळू जम बसतो, आणि शेवटी माणूस तिथलं जगणं जसं आहे तसं घेतं. आमच्याकडे खुपायचा काळ बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. तोवर नवलाई संपलेली असते आणि भाषा अजून आलेली नसते. आधी जिचं कौतुक वाटायचं ती पहाटेची काकडआरती आता झोपमोड वाटते. एसटी तासभर उशिरा आली की डोळ्यांत पाणी. गोष्ट क्षुल्लक असते, पण ती सहाशेवी क्षुल्लक गोष्ट असते.

आपल्या घरात नवी सून आल्यावर काय होतं ते आठवा. तिला तरी भाषा येत असते.

करायचं काय? "काय झालं, काय झालं" म्हणून मागे लागू नका. गल्लीतल्या बायका गोळा करू नका. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, पोरींना त्याची मजा वाटते, पण ते एकदाच आणि घरातल्या घरात. हाताला काम द्या. तुरीच्या शेंगा सोलायला बसवा, वेचणी सुरू असेल तर कापूस वेचायला न्या. कापसाच्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात, कंबर मोडते, आणि दोन तासांत ओटीत जेमतेम चार मुठी जमतात. शेजारच्या ओळीतली म्हातारी तोवर फडकं भरून बांधावर रिकामं करून आलेली असते. त्या दिवशी पोरगी थकून झोपते, आणि दुसऱ्या दिवशी गावाबद्दल जरा जपून बोलते.

तिनं गावाला नावं ठेवली तर मनाला लावून घेऊ नका, पण खोटं असेल तर सांगा. खरं असेल तर "हो, आहे तसं" म्हणा.

दोन गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. सलग दोन दिवस जेवली नाही, खाटेवरून उठलीच नाही, तर आम्हाला कळवा. जगावंसं वाटत नाही अशा अर्थाचं काही बोलली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करा, आणि आम्ही येईपर्यंत कोणीतरी तिच्याजवळ बसा.

आम्हाला वाटलं गोरी मुलगी येईल. ही तर...

ही तर काळी आहे, चपट्या नाकाची आहे, किंवा चक्क आपल्यासारखीच दिसते. हो. अमेरिकेतून येणारी मुलगी आफ्रिकी वंशाची असू शकते, कोरियन घरातली असू शकते, जिचे आईबाप गुजरातेतून गेले अशीही असू शकते. तिच्यासमोर "गोरी का नाही" हा विषय काढू नका, आणि गोरं करणारी क्रीम भेट देऊ नका. हे घडलेलं आहे. आपल्यासारखी दिसणाऱ्या मुलीचे हाल तर सगळ्यांत जास्त. तिला मराठी येत नाही यावर कोणाचा विश्वासच बसत नाही, आणि पदर, टिकली, बांगडी यांवरून गोऱ्या मुलीला कोणी बोलत नाही ते सगळं हिला ऐकवलं जातं.

गावात म्हणतात ती हेर आहे. नाहीतर धर्म बदलायला आली.

जुनाच संशय आहे. अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतात होते, तेव्हाही लोक हेच म्हणायचे. त्यांच्यातच अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई होत्या. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी येऊन त्यांनी मुंबईत विक्रोळीला दवाखान्यात काम केलं. आपल्याकडे वरोऱ्याच्या आनंदवनात १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशीचे स्वयंसेवक बांधकामाला राबले. कुष्ठरोग्यांच्या वस्तीकडे गावातलं माणूस फिरकत नसे, तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या शिकाऊंना धर्मप्रचाराची परवानगी नाही आणि राजकारणाचीही नाही. कोणी तसं काही केलं तर आम्हाला सांगा. भजनाला, गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला ती आली तर बसू द्या. नाही आली तर ओढून नेऊ नका.

पोलिसांत काही कळवावं लागतं का?

लागतं. परदेशी माणूस घरी राहायला आलं की २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरावी लागते, जिला सगळे "सी फॉर्म" म्हणत आले आहेत. ती आम्ही तुमच्या वतीनं भरतो, तुम्ही फक्त आधार कार्ड आणि घराचा पत्ता द्या. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांची १४ दिवसांत वेगळी नोंदणी होते, तिच्याशी तुमचा संबंध नाही. पोलीस पाटलांना मात्र पहिल्याच दिवशी स्वतः जाऊन भेटा. कागदापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

पाळी पाळतो आम्ही. तिला कसं सांगायचं?

ती यायच्या आधी आम्हाला सांगा. चार दिवस देवघरात जाऊ नको, एवढं बहुतेक मुली मान्य करतात, मनातून पटलं नाही तरी. बाहेर बसवणं, वेगळं ताट, वेगळी चटई हे चालणार नाही. तुमच्या घरात ते सोडणं शक्य नसेल तर आम्ही मुलगा पाठवू. राग नाही, कमीपणा नाही. आणि पॅड कुठे टाकायचं हे आल्याबरोबर दाखवा, नाहीतर ते संडासात जातं आणि सगळ्या घराची पंचाईत होते.

ती त्या मोहल्ल्यात जेवून येते.

हा प्रश्न असाच, अर्धवट येतो. पुढचं आपण समजून घ्यायचं असतं. समजलं आहे, म्हणून सरळ उत्तर देते: ती कुठेही जेवेल. बौद्ध मोहल्ल्यात, पारध्यांच्या बेड्यावर, कोलामांच्या पोडावर, मुसलमानाच्या घरी. तिचं कामच ते आहे. त्यानंतर तिनं तुमच्या चुलीजवळ बसण्याला हरकत असेल तर यजमान होऊ नका. यावर चर्चा करायला आम्ही येतो, सवलत द्यायला येत नाही.

उन्हाळ्यात कसं करायचं?

शक्यतो आम्ही दिवाळीनंतर सुरू करून मार्चच्या आत प्रशिक्षण संपवतो. लांबलंच तर अकरा ते पाच घराबाहेर पाठवू नका, डोक्याला दुपट्टा बांधायला शिकवा, माठाचं पाणी आणि मीठ घातलेलं पन्हं देत राहा. कूलर तिच्या खोलीत लावून तुम्ही उकाड्यात झोपू नका. सगळ्यांनी कूलरच्या खोलीत किंवा गच्चीवर झोपा. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही हे तिला सांगायचं तर सांगा, पण त्या भरवशावर बाहेर सोडू नका. अंग तापून असंबद्ध बोलायला लागली तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

साप-विंचू?

रात्री बाहेर जाताना टॉर्च, बूट झटकून घालायचे, खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायचं. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि चावलेलं बरेचदा कळतही नाही, म्हणून जमिनीवर अंथरूण नको. चावलंच तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला हात-पाय हलू न देता सरकारी दवाखान्यात न्या. कुत्रं चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मग दवाखाना. फवारणी चालू असलेल्या वावरात शिकाऊ माणूस न्यायचं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

मुलगा आहे. संध्याकाळी पोरं त्याला "बसायला" नेतात.

वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. तिथे पकडला गेला तर प्रकरण त्याच्या व्हिसापर्यंत जातं. त्याला हे आम्ही सांगितलेलं असतं. तुम्ही नेणाऱ्या पोरांना सांगा.

आमच्या पोराला तिकडे नेण्याबद्दल तिच्याशी बोलू का? थोडे उसने मागितले तर?

दोन्ही नको. तिला पगार नाही, राहण्या-खाण्यापुरता भत्ता आहे. मागितलं तर ती नाही म्हणू शकणार नाही, आणि त्या दिवसापासून तुमच्यासमोर मोकळी बसणार नाही. तिचं लग्न झालं का, पगार किती, वजन किती हे प्रश्न मात्र गाव विचारणारच. त्यांना उत्तर कसं टाळायचं ते तिला शिकवा, तुम्हाला ती कला येतेच.

तिच्या घरून पार्सल यायचं आहे. पत्ता कसा द्यायचा?

गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि तुमचा मोबाइल नंबर, सगळं. एकाच नावाची गावं आपल्याकडे ढिगानं आहेत. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले, तर त्यांचा टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचा. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव बदलून सेवाग्राम केलं. तुमच्या गावाचं नाव कोणी बदलणार नाही, तेव्हा पिनकोड नीट लिहा.

पटलंच नाही तर?

आठवडाभर बघा, मग सांगा. घर बदलता येतं. दोघांपैकी कोणाचा दोष आहे हे आम्ही विचारत नाही, आणि गावात काय सांगायचं ते तुमच्याशी बोलून ठरवतो. बहुतेक वेळा "वर्गाला लांब पडत होतं" एवढ्यावर भागतं.

तिचे आईवडील भेटायला येणार म्हणतात.

येऊ द्या, पण आठवडाभर आधी कळवा. त्यांचाही फॉर्म २४ तासांत भरावा लागतो. दोन रात्रींपेक्षा जास्त ठेवून घेऊ नका, तिचा वर्ग बुडतो. त्यांना संडासाची आणि बादलीची माहिती तीच देईल. तिखट तुम्ही सांभाळा.